ऐच्छिक सनद आणि गावकुसाबाहेरचे पाणी

शिर्डी परिसरातला ऊस हा गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस आहे. इंग्रजी अमदानीत कालवे आले, त्यामागून खाजगी कारखाने आले आणि 1950 साली जवळच्या लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. सहकाराच्या या इतिहासाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. कारखान्याबाहेर पडणाऱ्या पाण्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. त्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकण्याची त्याची ताकद, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 30 ची. हे पाणी ओढ्यात गेले की मासे मरतात, जमिनीत झिरपले की विहिरी तांबड्या होतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे या वाचकांना सांगायला नको.

पाणी-प्रदूषणाचा केंद्रीय कायदा 1974 सालीच झाला होता. तरीही मार्च 2003 मध्ये केंद्र सरकारने सतरा प्रदूषक उद्योगांशी विचारविनिमय करून एक सनद काढली. कायद्याच्या बडग्यापेक्षा उद्योगांनी आपखुशीने पुढे यावे, ही त्यामागची भूमिका. साखर कारखान्यांनी टनभर उसामागे सांडपाणी 100 लिटरवर आणावे, डिस्टिलऱ्यांनी 2005 अखेर नदीनाल्यात थेंबही सोडू नये, असे त्यात ठरले. पुढे 2016 साली केंद्राला साखर कारखान्यांच्या सांडपाण्याचा रीतसर नियमच काढावा लागला. आपखुशी पुरली असती तर ही वेळ आली नसती.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने आपणहून तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, तळे सवर्णांकडे राहिले. 1927 साली बाबासाहेबांना ओंजळ भरून ते पाणी प्यावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. महाडची पालिका खोटे बोलली असे मी म्हणत नाही. ठराव मोडला तर जाब विचारण्याचा अधिकार ज्यांना हवा होता, ते त्या ठरावात पक्षकारच नव्हते. दोष तिथे होता.

2003 च्या सनदेतही पक्ष दोनच: सरकार आणि उद्योग. आमच्या जिल्ह्यात तर हे दोन पक्ष वेगळे ओळखणेही अवघड! कारखान्याचा अध्यक्ष आमदार होतो, खासदार होतो, मंत्री होतो. कारखान्यात मत ऊस-उत्पादक सभासदाला. ज्याला जमीन नाही त्याला ऊस नाही, ऊस नाही त्याला मत नाही. शिर्डीची लोकसभेची जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत त्या राखीव जागेचा काय उपयोग?

करार वेगळ्या रीतीने करता येतात. 1942 साली मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी सरकार आणि मालकांच्या बरोबरीने कामगारांच्या प्रतिनिधींना त्रिपक्षीय परिषदेत बसवले. अमेरिकेत 1991 साली सतरा विषारी रसायने ऐच्छिक पद्धतीने निम्म्यावर आणण्याची योजना निघाली आणि ती मुदतीआधी पुरी झाली. पण तिथे प्रत्येक कारखान्याने काय सोडले याचे आकडे जाहीर करण्याची सक्ती 1986 च्या कायद्याने आधीच झाली होती, आणि तो कायदा झाला भोपाळच्या मृतांमुळे. आपल्या माणसांच्या मरणाने तिथल्या नागरिकांना हा हक्क मिळाला.

इकडे मात्र उलटे चालले आहे. नव्या डिस्टिलरीसाठी किंवा तिच्या वाढीसाठी जनसुनावणी ही एकच जागा अशी होती, जिथे बिगरसभासदालाही उभे राहून बोलता येई. 2021 साली केंद्राने इंधनाच्या इथेनॉलसाठी होणारी डिस्टिलऱ्यांची वाढ ब-2 वर्गात घातली. या वर्गाला जनसुनावणी लागत नाही.