पोर्तुगीज गेल्यानंतर

ऑफिसात डबा खाताना एका सहकाऱ्याने विचारलं, "पोर्तुगीज १७३९ मध्येच गेले ना? मग तुम्ही वसईवाले ख्रिस्ती कसे राहिलात?" प्रश्नात खोच नव्हती, कुतूहल होतं. "सवय, दुसरं काय," असं म्हणून मी हसलो. डबा संपला, पण प्रश्न डोक्यात राहिला.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत इथे चर्च उभी राहिली आणि गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. त्यात मिशनऱ्यांची खरी सेवा होती, तशी सत्तेची जबरदस्तीही होती. देवळं पाडली गेली. माझ्या पूर्वजांच्या वाट्याला यातलं काय आलं, हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज सैन्य गेलं, त्यांची कुटुंबं गेली, जेझुइट आणि फ्रान्सिस्कन साधूही गेले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशी एक घंटा आजही टांगलेली आहे. शाळेच्या पुस्तकात वसईचा धडा भगव्या झेंड्यापाशी संपतो. आमच्या गावांची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते.

ख्रिस्ती लोकांसाठी मोजकी चर्च राखण्याचं कलम तहात होतं. त्यांची जबाबदारी आली गोव्याकडच्या देशी पाद्र्यांवर. पाद्री थोडे, गावं पुष्कळ. आता परत जायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि काही घरं परत हिंदू झालीही. आमची सामवेदी बोली आजही दोन्ही धर्मांची माणसं बोलतात. जे ख्रिस्ती राहिले, त्यांच्या मागे ना राजा होता, ना पुरेसे पाद्री.

मग होतं काय? मला वाटतं, आळीतला क्रूस होता. मिस्सा पाद्र्याशिवाय होत नाही, पण रोझरी होते. लादीनही होते. क्रूसापाशी जमून संतांची नावं घेत केलेली ती प्रार्थना. कुणीही वडीलधाऱ्याने सुरू करावी, बाकीच्यांनी साथ द्यावी, शेवटी उकडलेले चणे वाटावेत. मूल दगावण्याची भीती असेल तर सुईणही त्याला बाप्तिस्मा देऊ शकते, हा चर्चचाच नियम आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हर जवळजवळ बंद पडला, पण घराघरांत प्रत होती.

गंमत म्हणजे, या प्रार्थनेचा अर्थ म्हणणाऱ्यांना कळत नव्हता. फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच छापलं गेलं होतं, पण वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा माझी आजी लग्न होऊन या आळीत आलेली होती. लादीन तिला लहानपणापासून लॅटिनमध्येच पाठ. उच्चार सगळे सामवेदी वळणाचे.

कॉलेजात असताना मी तिला शहाणपणाने विचारलं होतं, "अर्थच कळत नव्हता, तर मग मनात काय चालायचं?"

आजी चणे निवडत होती. आमच्या बोलीत तिने जे सांगितलं ते मराठीत असं : "माणसं मोजायचे. कोण आलं, कोण नाही आलं. जो आला नाही त्याच्या घरी नंतर चणे घेऊन जायचं. आजारी असेल, भांडण झालं असेल, घरात तांदूळ नसेल. गेल्याशिवाय कसं कळणार?"

तेव्हा मला ते उत्तर वाटलंच नाही. मी श्रद्धेबद्दल विचारत होतो आणि ती हजेरीबद्दल सांगत होती.

आता आजी नाही. आळीतली निम्मी घरं बंद असतात, मीही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो तेव्हा क्रूसापाशी आठ जण होते. सुरू करायला कुणी नव्हतं, म्हणून काकी म्हणाली, "तू कर रे." मी मोबाईलवर बघून मराठी लादीन म्हटली. दोनदा चुकलो. नावं घेता घेता माझी नजर आपोआप माणसांवरून फिरत होती. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा आले नव्हते.

कागदात चणे बांधून त्यांच्याकडे गेलो. गुडघा सुजला होता, बाकी ठीक होते. "तू त्या म्हातारीचा नातू ना?" एवढं विचारून त्यांनी मला बसवून घेतलं. तासभर बोलत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे आलेला मी पहिलाच माणूस होतो.

सहकाऱ्याला अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या वेळी डब्यात उकडलेले चणे नेईन, आणि तिथून सुरुवात करीन.