एकल अभंगगायन : आवाजाची साधना व भावाभिव्यक्ती

समूहभजनात टाळ-मृदंगाच्या गजरात एखाद्याचा उणा स्वर झाकला जातो. एकल गायनात मात्र श्वास, उच्चार आणि अर्थ या तिन्हींचे उत्तरदायित्व एकट्या गायकावर येते. उत्सवप्रसंगी एकट्याने अभंग गाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही आवश्यक बाबी आम्ही येथे संकलित करीत आहोत.

१) पट्टी व स्वरसाधना
दुसऱ्याची पट्टी उसनी घेऊ नये. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत आवाज विनासायास फिरेल, ती आपली पट्टी. सकाळी तानपुऱ्यावर खर्जाचे स्वर आकारात लांबवावेत, त्यानंतर इकार व उकार घ्यावेत. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांना तार स्वरांचा आग्रह करू नये. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. मुंबईत १९२५ मध्ये संगीत विद्यालय स्थापन करणारे प्रा. बी. आर. देवधर आणि पुढे त्यांचे शिष्य डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा शास्त्रीय विचार मराठी गायकांपुढे ठेवला.

२) श्वासाचे नियोजन
मोठ्या अभंगाच्या रचनेत पहिले तीन चरण साधारणतः सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. श्वासाच्या जागा या रचनेतच दिलेल्या आहेत. श्वास चरणाच्या अंती घ्यावा, शब्दाच्या पोटात नव्हे. देवधरांचेच शिष्य पं. कुमार गंधर्व यांना ऐन तारुण्यात क्षयरोगाने गाठले. त्या आजारानंतर त्यांनी लहान लहान, नेमक्या स्वरवाक्यांची गायकी सिद्ध केली. दमसास कमी असणे हा भावाभिव्यक्तीस अडथळा नव्हे, हे त्यांच्या गाण्याने दाखवून दिले.

३) उच्चार
हैदराबादेतील आमच्या मुलांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. शाळेत इंग्रजी, बाजारात तेलुगू व दखनी, अशा वातावरणात पुष्कळ मुले अभंग रोमन लिपीत उतरवून पाठ करतात. त्या लिपीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. वास्तविक तेलुगूतही ‘ळ’ व ‘ण’ आहेत. मुलांच्या कानांना ते परके नाहीत, केवळ लिहिण्यात हरवतात. म्हणून अभंग देवनागरीतच लिहून द्यावा. ‘चरण’ व ‘चोखामेळा’ यांतील ‘च’, तसेच ‘जन’ व ‘जाणे’ यांतील ‘ज’ भिन्न आहेत. हा भेद वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष बोलून दाखवावा.

४) भाव
चाल शिकण्यापूर्वी अभंग गद्यासारखा मोठ्याने वाचावा व त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावा. तक्रार, विनवणी, आनंद, उपदेश यांपैकी संत काय करीत आहेत हे कळले, की ध्रुपदाची प्रत्येक आवृत्ती आपोआप वेगळी होते. ‘तुका म्हणे’ अथवा ‘नामा म्हणे’ येथे संत स्वतः पुढे येऊन बोलतात. तेथे ताना टाळून शब्द स्वच्छ ठेवावेत. पं. भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’च्या ध्वनिमुद्रिका या दृष्टीने पुनःपुन्हा ऐकाव्यात. पं. जसराज यांचे बालपण याच शहरात गेले. शाळेच्या वाटेवरील हॉटेलात वाजणारी बेगम अख्तर यांची गझल ऐकण्यासाठी आपण थबकत असू, असे ते सांगत. भावपूर्ण उच्चारलेला शब्द लहान मुलासही खिळवून ठेवतो, तो असा.

५) ध्वनिक्षेपक
तो मुखापासून साधारण एक वीत व किंचित बाजूस असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फूत्कार ऐकू येत नाही. तार स्वरांच्या वेळी थोडे मागे सरकावे.

घरातील मराठी कमी होत चाललेल्या अनेक कुटुंबांत अभंग हीच मुलांच्या मुखी असलेली एकमेव जुनी मराठी आहे. त्यामुळे आवाज सामान्य असला तरी चालेल, परंतु शब्द शुद्ध व अर्थासहित यावा, असा आग्रह पालकांनी व शिक्षकांनी धरावा, ही आमची विनंती आहे.