पात्राला काय माहीत असते? रोलप्लेइंग खेळांतील जुना पेच

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि गेम मास्टर त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो. खेळाडूला ठाऊक असलेली, पण पात्राला ठाऊक असण्याचे कारण नसलेली माहिती वापरून पात्राचे निर्णय घेणे, याला 'मेटागेमिंग' म्हणतात.

नेहमीचे उदाहरण गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळातले. त्यातल्या ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात. त्या थांबवायच्या तर आग किंवा आम्ल लागते. मुरलेल्या खेळाडूला हे पाठ असते. मग कधी गावाबाहेर न पडलेल्या त्याच्या पात्राने पहिल्याच फेरीत मशाल उचलली, की टेबलावर वाद. पण किती फेऱ्या तलवार चालवल्यावर मशाल उचललेली चालेल? मुद्दाम चुकणे हाही त्याच माहितीवर घेतलेला निर्णय असतो. म्हणून नुसती बंदी घालून भागत नाही.

समजा, खेळ निफाड तालुक्यातील सायखेड्यात मांडला आहे. काळ ऑगस्ट २०१६ चा, नाशिकला मुसळधार पाऊस. त्या पुरात गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, हे खेळाडूंना माहीत आहे, पात्रांना नाही. कुणी म्हणाले, "माझा दुकानदार सकाळीच माल माळ्यावर चढवतो," तर गेम मास्टरने रागावू नये, विचारावे: "त्याला कशावरून वाटलं?" नाशिकहून पाहुण्यांचा फोन आला, हे उत्तर पटण्यासारखे आहे. उत्तर सुचले नाही तर फासे टाकावेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत इतिहास, निसर्ग अशी कौशल्ये यासाठीच आहेत.

उलट बाजू मात्र बहुतेक टेबलांवर राहून जाते. नदीकाठी जन्म काढलेल्या पात्राला पाण्याचा रंग आणि ओढ बघून अंदाज येतो. ते पात्र चालवणाऱ्या शहरातल्या खेळाडूला येत नाही. तिथे गेम मास्टरने न विचारताच सांगून टाकावे.

सगळा प्रसंग एकाच गुपितावर टांगला, की मेटागेमिंग बोचते. पाणी येणार हे सर्वांना माहीत असले, तरी आधी गोठ्यातली जनावरे सोडायची की पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या आत्याला आणायचे, हे ठरवावेच लागते. खुनाच्या तपासासारख्या खेळात मात्र गुपित हाच गाभा असतो. तिथे चिठ्ठी देणे, एखाद्याला बाजूला घेऊन सांगणे किंवा गेम मास्टरने फासे पडद्याआड टाकणे हे जुने उपाय अजूनही चालतात.