मागेल त्याला काम : गोंदियाच्या मजुराचा इतिहास

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक लहानशी वजावट दिसते. वर्षाकाठी ती २,५०० रुपयांच्या वर जात नाही, म्हणून तिच्याकडे कुणी फारसे लक्षही देत नाही. हा कर १९७५ च्या कायद्याने बसविण्यात आला, तो रोजगार हमी योजनेचा खर्च भागविण्यासाठी. मुंबई-वसईच्या पगारदाराने खेड्यातल्या रिकाम्या हातांच्या मजुरीचा वाटा उचलावा, अशी ती व्यवस्था होती. ज्याच्यासाठी हा वाटा घेतला गेला त्या मजुराची ओळख आपल्याला क्वचितच असते. ती करून घ्यायची तर राज्याच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात जावे लागेल.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा झाडीपट्टीचा भाग होय. धान, तलाव आणि जंगल या तिहींवर येथील संसार उभा आहे. पावसाळ्यात रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि पुढे मळणी. ती आटोपली की ज्याला सिंचन नाही त्याच्या शेतात पुढच्या पावसापर्यंत काम नसते. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचायची, एप्रिल-मे महिन्यांत तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फडावर मोजून द्यायचे, एवढाच काय तो मधला आधार. शहरी माणूस बेकार म्हणतो तो नोकरी सुटलेल्याला किंवा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून बसलेल्या पदवीधराला. झाडीपट्टीतील मजुराचे नाव अशा नोंदवहीत नसते. त्याची बेकारी दरवर्षी त्याच महिन्यांत येते आणि पिढ्यान्‌पिढ्या येत राहते. तिला दीर्घकालीन बेकारी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

या रिकाम्या महिन्यांत घराघरांत शिरली ती बिडी. रेल्वेचे जंक्शन आणि जवळच तेंदूचे जंगल यांमुळे गोंदिया हे बिडीच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले. याच व्यवसायातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली, हेही नमूद केले पाहिजे. बिडीच्या पैशातून या भागात शाळा-महाविद्यालये निघाली. पण त्या पैशाचे दुसरे टोक घराच्या ओसरीवर होते. सट्टेदाराने तंबाखू, पाने आणि सूत मोजून द्यायचे, बाईने मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. त्यातही वाईट ठरविलेला माल 'छाट' म्हणून बाजूला काढला जाई, आणि त्याची मजुरी बुडे. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले. १९७६ साली बिड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरासाठी साह्य त्यातून मिळू लागले. मात्र हे सारे ज्या ओळखपत्रावर अवलंबून होते, ते मिळण्यासाठी तिच्या कामाचा पुरावा हवा, आणि पुरावा देणारा हात बहुधा सट्टेदाराचाच. कायदा चांगला असून भागत नाही. वहीत नाव कोण लिहितो, यावर पुष्कळ काही ठरते.

बिडीचा धंदा पुढे आटत गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा बिडीवरील उपकर रद्द झाला, आणि त्या निधीचा स्वतःचा झराच बंद पडला. तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक असणाऱ्या आपण बिडी संपल्याचा शोक करावा असे कुणी म्हणणार नाही. परंतु वयाच्या पन्नाशीपर्यंत ज्या बोटांनी दुसरे काही केले नाही, त्या बोटांना पर्याय काय, हा प्रश्न धंद्याबरोबर संपत नाही.

सरकारने काम देण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात इंग्रज सरकारने रस्ते, तलाव, खडी फोडणे अशी कामे काढली होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाची दृष्टी इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब-कायद्याशी नाते सांगणारी होती. तेथे मदत हवी असेल तर कठोर शिस्तीच्या श्रमगृहात जावे लागे. येथे कष्टाचे काम आणि अपुरी मजुरी हीच गरजेची परीक्षा. खरोखर उपाशी असेल तोच येईल, हा त्यामागील हिशेब होता. मदत ही सरकारची मेहेरबानी होती, आणि ती लाजिरवाणी असावी अशी काळजीही घेतली जात होती.

या हिशेबाला छेद दिला तो विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांच्या प्रेरणेने प्रयोग झाला. १९७२ साली योजना राज्यभर जाहीर झाली, आणि लगेच दुष्काळाने तिला गाठले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. ते ओसरल्यावर १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. 'मागेल त्याला काम' हे आता आश्वासन न राहता हक्क झाले. काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूदही होती, पण तो दिवसाला रुपया-दोन रुपये इतका नाममात्र. माझ्या मते भत्त्याची ही दुबळी बाजू योजनेला पहिल्यापासून नडली. काम न देण्याची शिक्षा जेथे इतकी स्वस्त, तेथे काम वेळेवर काढण्याची घाई कुणाला असणार?

गोंदियापुरते बोलायचे तर येथे हाताला काम शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नव्हते. ते गावच्या तलावात गाळ होऊन पडले होते. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी त्यांतले कित्येक बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. मालगुजारांच्या अमदानीत पाळ नीट राखणे, तुडुम दुरुस्त करणे ही गावाची कामे होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. अन्यायी व्यवस्था गेली हे योग्यच झाले. पण तलाव ज्याचा तो गेला आणि ज्याच्याकडे आला त्याला त्यांची आच नव्हती. 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक सरकारी नावाचे लोकांनी 'मामा तलाव' असे गोड रूप केले, तरी मामाच्या घरी गाळ वर्षानुवर्षे साचतच राहिला.

उन्हाळ्यात तलाव कोरडे पडतात तेव्हाच मजूरही रिकामे असतात. गाळ काढला तर पाणी वाढते, गाळ शेतात टाकला तर धान वाढते. २ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राचा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत महाराष्ट्राच्या १२ जिल्ह्यांपैकी गोंदिया एक होता. तलाव, बोड्या, पांदण रस्ते अशी कामे निघाली आणि मजूर-उपस्थितीत हा जिल्हा राज्यातील आघाडीच्या जिल्ह्यांत गणला जाऊ लागला. कुटुंबाला वर्षातून १०० दिवस काम, १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे निम्मा भत्ता, असा तो करार होता. शंभर दिवसांपुढचा भार राज्याच्या जुन्या कायद्यावर. डोक्यावर टोपले घेऊन पाळीवर चढणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. सट्टेदाराकडे जिचे नाव वहीत नव्हते, तिचे नाव येथे हजेरीपटावर आले, ही मला या कायद्याची खरी मिळकत वाटते. मजुरी उशिरा येण्याची रड मात्र येथेही होतीच.

घराची कथा या कामाच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. १९८५-८६ साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना मुळात ग्रामीण रोजगाराच्याच एका कार्यक्रमाच्या पोटी जन्मली. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व नक्षलग्रस्त भागांत १,३०,००० रुपये अनुदान, किमान २५ चौरस मीटर घर, आणि शिवाय स्वतःच्याच घरावर राबण्याची ९० ते ९५ दिवसांची रोहयो मजुरी. बिडी कामगारांसाठी त्याच वर्षी कल्याण निधीच्या योजनेतून दीड लक्षाचे साह्य ठरले. पण घरकुलाला आधी जागा लागते. ज्याचे झोपडे गावठाणाबाहेर किंवा वनजमिनीवर, त्याची गाडी तेथेच अडते.

सोलापूरच्या बिडी कामगार स्त्रियांचे उदाहरण येथे आठवते. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने संघटित होऊन त्यांनी कुंभारी येथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली. सोलापुरात बिडी वळणाऱ्या एका शहरात, एकमेकींच्या शेजारी होत्या. गोंदियात त्या शेकडो खेड्यांत विखुरलेल्या. एकीची ओसरी दुसरीला दिसत नाही, आणि मोर्चा काढायचा तर आधी नदी ओलांडावी लागते. कायदा दोघींना एकच होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १२५ झाले. खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर आला, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा मिळाली. रोवणीच्या दिवसांत झाडीपट्टीतला मजूर तसाही शेतात असतो. त्याला काम हवे असते ते मळणी उरकल्यापासून मृग लागेपर्यंत, जेव्हा तलावाचा तळ उघडा पडलेला असतो.