तटाने काय राखले?

क्रोएशियाच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरील दुब्रोवनिक, म्हणजे पूर्वीचे रगुझा, हे नगरराज्य. त्याच्या सुमारे १९४० मीटर लांबीच्या तटावरून प्रवाशांना फिरवणारे वाटाडे अभिमानाने सांगतात, की हे शहर हल्ला करून कुणालाही घेता आले नाही. विधान रास्त, परंतु अपुरे.

साथ दगडाला जुमानत नाही, हे ओळखून १३७७ मध्ये रगुझाने रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा कायदा केला. उस्मानी सुलतानाला वार्षिक खंडणी देऊन त्याने आपला स्वतंत्र कारभार टिकवला. १६६७ च्या भूकंपात तट बव्हंशी उभा राहिला. आतले शहर मात्र कोसळले. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य आत आले ते दरवाजातून, तट फोडून नव्हे. १८०८ मध्ये प्रजासत्ताकच संपुष्टात आले. १९९१ मध्ये तोफगोळे तटावरून आत पडले.

म्हणूनच तटावर चालताना समुद्राकडे पाठ करून छपरांकडे पाहावे. फिकट जुन्या कौलांमध्ये युद्धानंतर घातलेली तांबडी कौले वेगळी ओळखू येतात. ‘अजिंक्य’ या शब्दाने झाकलेला इतिहास तिथे उघड्यावर आहे. भिंत अभेद्य असणे आणि माणसे सुरक्षित असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.