महाराष्ट्र विधानपरिषद : अधिकार आणि अवधी

१९३५ च्या भारत शासन कायद्याने मुंबई प्रांताला द्विगृही विधिमंडळ दिले. मध्यप्रांत-वऱ्हाडास मात्र एकाच सभागृहावर ठेवले. पुढे संविधान सभेत हा प्रश्न त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोपविण्यात आला, तेव्हा मुंबईने वरिष्ठ सभागृहाच्या बाजूने कौल दिला, तर मध्यप्रांत, ओरिसा व आसाम यांनी विरोधी. हैदराबाद राज्यातही असे सभागृह नव्हते. तात्पर्य, विदर्भ आणि मराठवाडा यांना विधानपरिषद लाभली ती १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने, मुंबई राज्यात सामील झाल्यामुळे. तेथील लोकप्रतिनिधींनी ती मागितली म्हणून नव्हे. महाराष्ट्रातील वरिष्ठ सभागृहाविषयी लिहिताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

या सभागृहाचे अधिकार मोजके आहेत. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते विधानसभेला. अनुदानांच्या मागण्यांवर मतदान करते तीही विधानसभाच. धनविधेयक परिषदेस जास्तीत जास्त चौदा दिवस अडविता येते. इतर विधेयक अनुच्छेद १९७ अन्वये पहिल्या खेपेस तीन महिने व विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यावर एक महिना रोखता येते. त्यानंतर ते उभय सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. संसदेतल्याप्रमाणे संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही. उलट परिषदेत मांडलेले विधेयक विधानसभेने फेटाळले की ते तेथेच संपते. अर्थात परिषदेच्या हाती नकार नाही, केवळ अवधी आहे.

मग तिचे महत्त्व रचनेत शोधावे लागते. ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक संस्थांकडून, ७ पदवीधरांकडून आणि ७ शिक्षकांकडून निवडले जातात; १२ राज्यपालनियुक्त असतात. नियुक्तीच्या क्षेत्रांत साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा यांजबरोबर सहकारी चळवळीचाही उल्लेख आहे. राज्यसभेच्या बाबतीत तो नाही. सहकाराच्या या प्रदेशात त्याचे मोल निराळे सांगावयास नको. सदस्यांची मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश निवृत्त होतात, त्यामुळे सभागृह कधी विसर्जित होत नाही.

परिषदेच्या प्रतिष्ठेचे ठळक उदाहरण म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ पर्यंत ते सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६९ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला आणि १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. निवडणुकीच्या धकाधकीपासून काहीसे दूर असलेल्या पदावरून एवढे मोठे काम उभे राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र ते एका व्यक्तीच्या निष्ठेचे फळ होते. सभागृहाच्या रचनेला त्याचे श्रेय सर्वस्वी देता येणार नाही. २०२० साली मुख्यमंत्री उद्धव ठाकरे याच सभागृहावर बिनविरोध निवडून आले व सहा महिन्यांच्या मुदतीची अट पुरी झाली. त्याच वर्षी बारा नियुक्त जागांसाठी मंत्रिमंडळाने पाठविलेली नावे मात्र राज्यपालांकडे दीर्घकाळ अनिर्णित राहिली आणि २०२२ साली नव्या सरकारने ती यादी मागे घेतली.

अवधीचा अधिकार वापरणे कधीकधी महाग पडते. अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास संसद साध्या कायद्याने परिषद रद्द करू शकते. परिषदेची संमती लागत नाही. आंध्र प्रदेशात १९८५ साली रद्द झालेली परिषद २००७ मध्ये पुन्हा अस्तित्वात आली. जानेवारी २०२० मध्ये तिने तीन राजधान्यांसंबंधीची विधेयके प्रवर समितीकडे धाडण्याचे ठरविताच, काही दिवसांत विधानसभेने ती रद्द करण्याचा ठराव केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागे घेण्यात आला. तोवर परिषदेतील पक्षीय बलाबल बदलले होते.