परिवेशचले आणि मालवणीचे स्थान

संगणकाच्या कार्यप्रणालीत ज्यास ‘एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल’ म्हणतात, त्यास मराठीत परिवेशचल म्हणता येईल. नाव आणि मूल्य अशी ही जोडी असते. एखादा प्रोग्राम सुरू होताना तिची प्रत त्यास जनक-प्रोग्रामकडून मिळते. अपत्याने आपल्या प्रतीत केलेला बदल मात्र जनकाकडे परत जात नाही. ही व्यवस्था १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली, आणि १९८३ च्या एमएस-डॉस २.० मुळे ती घरगुती संगणकावरही पोहोचली. प्रोग्राम कोठे शोधावेत, वापरकर्त्याचे गृहस्थान कोणते, एवढेच प्रारंभी तिचे प्रयोजन होते. पुढे १९८९ च्या सी भाषेच्या अमेरिकन प्रमाणाने ‘लोकेल’ ही संकल्पना रूढ केली आणि वापरकर्त्याची भाषा हाही परिवेशाचाच एक भाग ठरला.

लिनक्सवर भाषा ठरविणाऱ्या मुख्य चलाचे नाव ‘लँग’ असे आहे. त्याच्या मूल्याची रचना ठराविक असते: प्रथम भाषेचा संकेत, नंतर देशाचा, नंतर वर्णसंचाचा आणि शेवटी, आवश्यक असल्यास, ‘@’ या चिन्हानंतर विशेषक. मराठीसाठी ‘एमआर_आयएन’, कोंकणीसाठी ‘केओके_आयएन’. तारखा, क्रमवारी, संदेश यांसाठी ‘एलसी_’ या उपसर्गाची स्वतंत्र चले असून, ‘एलसी_ऑल’ हे चल त्या सर्वांवर मात करते.

या निवडीचे परिणाम केवळ दिखाऊ नाहीत. ‘मालवण, माळ, मावळ, मासा’ हा क्रम युनिकोडच्या अंकक्रमानुसार लागतो, कारण तेथे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ च्या लगेच नंतर येते. मराठी कोशात ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर असल्याने ‘माळ’ अखेरीस जावयास हवा. ‘एलसी_कोलेट’ चे मूल्य ‘सी’ असल्यास पहिलाच क्रम मिळतो, आणि शब्दसूची करणाऱ्या अभ्यासकास ही चूक सहज जाणवतही नाही.

सिंधुदुर्गातील मालवणी भाषकाची अडचण याहून मूलभूत आहे. त्याच्या बोलीस भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र संकेत नाही. मात्र रचनेत तिला जागा नाही असे म्हणता येत नाही. जीलिबसी या ग्रंथालयात सिंधी व काश्मिरी यांसाठी ‘देवनागरी’ हा विशेषक आहे. कातालानसाठी ‘वालेन्सिया’ हा प्रादेशिक विशेषकही आहे. त्याच न्यायाने ‘@मालवणी’ असा विशेषक कल्पिता येईल. प्रश्न असा, की तो कोणत्या संकेतास जोडावा? ‘एमआर’ ला जोडल्यास मालवणी ही मराठीची बोली ठरते. ‘केओके’ ला जोडल्यास कोंकणीची.

१९०५ साली प्रकाशित झालेल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात कोंकणीचा विचार मराठीच्या अंतर्गत केला गेला. १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने कोंकणी स्वतंत्रपणे आठव्या अनुसूचीत आली. या दोन भूमिकांमधील प्रदेशातच मालवणी बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ बोलीसातत्याचे तत्त्व सांगून निर्णय पुढे ढकलू शकतो. चलाचे व्याकरण तसे करू देत नाही. विशेषकापूर्वी भाषासंकेत लिहावाच लागतो.

संदेशांपुरता एक मार्ग उपलब्ध आहे. ‘लँग्वेज’ या चलात अनेक भाषा पसंतीक्रमाने मांडता येतात: आधी कोंकणी, मग मराठी, मग इंग्रजी. पहिलीत भाषांतर नसल्यास दुसरीतील घेतले जाते. भाषकाच्या बहुभाषिक व्यवहाराशी ही पद्धत अधिक जुळते. परंतु वर्णक्रम आणि तारखा यांस ती लागू नाही. त्यांसाठी मालवणीची स्वतःची लोकेल-व्याख्या तयार करावी लागेल. ‘लोकेलडेफ’ या साधनाने ती संकलित करून आपल्या संगणकावर वापरण्यास कोणाची अनुमती लागत नाही. त्यापूर्वी मालवणीतील महिन्यांची व वारांची रूपे, तसेच कोशाचा वर्णक्रम निश्चित केला पाहिजे. हे काम यंत्राचे नसून बोलीच्या अभ्यासकांचे आहे.